टॉयटोबुर्गर वाल्ड: तीन कण्यांची डोंगररांग पायी कशी पाहावी

टॉयटोबुर्गर वाल्ड ही जर्मनीच्या वायव्य भागातली अरुंद, लांबलचक, जंगलाने झाकलेली डोंगररांग. वायव्येला हॉर्स्टेलजवळच्या कालव्यांपासून आग्नेयेला हॉर्न-बाड माइनबर्गपर्यंत तिची लांबी सुमारे १०५ किलोमीटर भरते. रुंदी मात्र बहुतेक ठिकाणी काहीच किलोमीटर. काही भाग नॉर्थ राइन-वेस्टफालियात, काही लोअर सॅक्सनीत. सर्वांत उंच माथा बारनाकेन, ४४६ मीटर. सह्याद्रीतले गड चढलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण इथे उंचीचा हिशेब करून येऊ नका. ही रांग पाहायची ती तिच्या खडकासाठी, बीच या झाडांच्या जंगलासाठी आणि दर काही किलोमीटरला बदलणाऱ्या जमिनीसाठी.

बहुतेक लोक डेटमोल्डजवळचा पुतळा (हेरमान स्मारक) आणि हॉर्नजवळचे खडक (एक्स्टर्नश्टाइन) गाडीने पाहून परत फिरतात. दोन्ही ठिकाणं पाहण्यासारखी आहेतच. पण ती एकमेकांशी आणि आजूबाजूच्या जंगलाशी कशी जोडलेली आहेत, हे चालल्याशिवाय कळत नाही.

आधी रांगेचा आडवा छेद समजून घ्या

नकाशात ही एकच रेघ दिसते. प्रत्यक्षात तिथे शेजारी-शेजारी धावणारे तीन कणे आहेत. ईशान्येकडचा कणा जुन्या, शिंपल्यांच्या अवशेषांनी भरलेल्या चुनखडीचा (जर्मन नाव मुशेलकाल्क). मधला ओस्निंग वालुकाश्माचा. ओस्निंग हे या रांगेचं जुनं नाव, आणि स्थानिक नकाशांवर ते अजून सापडतं. नैऋत्येकडचा कणा क्रिटेशस या भूशास्त्रीय काळाच्या उत्तरार्धातल्या पातळ थरांच्या चुनखडीचा, ज्याला प्लेनर म्हणतात. सुमारे ७ ते ८ कोटी वर्षांपूर्वी भूकवचावर दाब आला आणि उत्तरेकडचा भाग दक्षिणेकडच्या भागावर सरकला. त्या रेट्यात आडवे थर उभे झाले, काही ठिकाणी तर उलटे झाले. मऊ थर झिजून त्यांच्या जागी लांबट दऱ्या झाल्या, कठीण थर कणे म्हणून उरले. तिन्ही कणे सगळीकडे ठळक दिसत नाहीत. आग्नेय टोकाला वालुकाश्माचा जोर आहे, मध्यभागी आणि वायव्येला चुनखडी जास्त भेटते.

चालणाऱ्याला याचा थेट उपयोग होतो. वालुकाश्मावरची माती पातळ आणि आम्लधर्मी. तिथे पाइन, बिलबेरीची झुडपं आणि हेदर ही ठेंगणी फुलझुडपं असतात, पाणी लवकर मुरतं, पाऊस थांबल्यावर तासाभरात वाट चालण्याजोगी होते. धोका उघड्या पडलेल्या मुळांचा आणि शेवाळलेल्या दगडांचा. चुनखडीवर उलट स्थिती. माती चिकट, पावसानंतर दोन-तीन दिवस चिखल, उतारावर बूट घसरतो. पण वसंतातली फुलं पाहायची तर याच जमिनीवर. म्हणून आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला असेल तर चुनखडीचा बेत पुढे ढकला आणि मधला कणा धरा.

आणखी एक सवय लावून घ्या. लांब पल्ल्याची वाट कण्यावरून जाते, त्यामुळे माणूस दिवसभर एकाच खडकावर चालत राहतो. रोज निदान एकदा रांग आडवी ओलांडा: एका पायथ्यापासून माथ्यावर आणि पलीकडे खाली. तासा-दीड तासात झाडं, माती आणि पायाखालचा दगड दोनदा-तीनदा बदलताना दिसतो.

कोणता भाग, कोणत्या महिन्यात

मार्चअखेर ते एप्रिलअखेर: बाड इबुर्गजवळची चुनखडीची टेकडी फ्रेडेन. तिचं सविस्तर वर्णन पुढे आहे.

मे आणि जून: संपूर्ण रांग. बीचची पालवी कोवळी असते, दिवस मोठा, जूनमध्ये पावणेदहापर्यंत उजेड राहतो.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत: हेदर फुलण्याचे दिवस. एक्स्टर्नश्टाइनजवळच्या बेरनश्टाइन टेकडीवरचं माळरान, फेल्मरस्टोटचा माथा आणि पायथ्याचा झेने प्रदेश यासाठी ठेवा.

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरची सुरुवात: बीच तांबूस होतो. पण पानांच्या थराखाली मुळं आणि खड्डे लपतात, त्यामुळे उतारावर वेग निम्मा करा.

हिवाळ्यात डिसेंबरमध्ये सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. सकाळी नऊला निघून तीनच्या आत संपेल एवढाच टप्पा घ्या; बारा किलोमीटर पुरेत.

एप्रिलचा शेवटचा रविवार टाळा. त्या दिवशी साधारणपणे हेरमान स्मारकापासून बिलेफेल्डच्या किल्ल्यापर्यंत ३१.१ किलोमीटरची हेरमान्सलाउफ ही धावण्याची शर्यत असते. ती १९७२ पासून चालू आहे आणि हजारो धावपटू याच वाटेवर असतात.

वाट आणि रेल्वे यांची सांगड

कण्यावरून जाणारी मुख्य वाट म्हणजे हेरमान्सवेग. ऱ्हाइने शहरापासून लिपिशर फेल्मरस्टोट माथ्यापर्यंत आणि तिथून खाली लेओपोल्ड्सटाल गावापर्यंत सुमारे १५६ किलोमीटर. खूण काळ्या चौकोनात पांढरा एच. ही खूण झाडांच्या खोडांवर रंगवलेली असते. फाट्यावर ती दिसली नाही तर पुढे जाऊन शोधत बसू नका. शेवटची खूण जिथे दिसली होती तिथे परत या. लाकूडतोड झालेल्या पट्ट्यात खुणेचं झाडच कापलं गेलेलं असतं. बहुतेक लोक वाट चुकतात ते अशाच जागी. फोनमध्ये वाटेची फाइल आधीच उतरवून ठेवा, कारण कण्यांमधल्या दऱ्यांत नेटवर्क तुटतं.

या रांगेची मोठी सोय म्हणजे दोन्ही बाजूंच्या पायथ्याला रेल्वे आहे. त्यामुळे एका स्थानकावर उतरून दुसऱ्यावर गाडी पकडता येते, गाडी उभी केलेल्या जागी परतावं लागत नाही. उपयोगी स्थानकं अशी: वायव्येला इबेनब्यूरेन आणि लेंगेरिश, मध्यभागी बिलेफेल्ड ते ओस्नाब्रुक मार्गावरची हाले, बोर्गहोल्त्सहाउझेन, डिसेन आणि हिल्टर, आग्नेयेला डेटमोल्ड, हॉर्न-बाड माइनबर्ग आणि लेओपोल्ड्सटाल. या सगळ्या मार्गांवर प्रादेशिक गाड्यांना डॉइचलँड-तिकीट (देशभर चालणारं मासिक तिकीट) चालतं. आयसी आणि आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना चालत नाही. बिलेफेल्ड किंवा पाडरबॉर्नच्या विद्यापीठात शिकणाऱ्यांना तर या रांगेचा पायथा एका प्रादेशिक गाडीच्या अंतरावर आहे.

ओर्लिंगहाउझेनच्या बाबतीत एक खबरदारी. त्या नावाचं स्थानक गावात नाही, आसेमिसेनमध्ये आहे. गाव आणि डोंगर तिथून बरेच दूर पडतात. पुढची बस किंवा पायपीट आधीच हिशेबात धरा.

आग्नेय टोकाचे दोन दिवस

पहिल्यांदा येणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. रांगेतलं सगळं महत्त्वाचं या पट्ट्यात दाटीने आहे. पहिला दिवस सुमारे १५ किलोमीटर, दुसरा १७-१८. वेग ताशी साडेतीन किलोमीटर धरा आणि ठिकाणं पाहायला रोज दोन तास वेगळे ठेवा.

पहिला दिवस. डेटमोल्ड स्थानकावर उतरा आणि बसने हिडेसेनला जा; शहरातलं तीनेक किलोमीटरचं डांबरी चालणं वाचतं. हिडेसेनहून पश्चिमेला डोनोपर टाइश या तळ्याकडे वळा. तळं आणि त्याला लागून असलेलं हिडेसर बेंट हे दलदलीचं क्षेत्र मिळून एक संरक्षित क्षेत्र होतं. तळं ओढ्याला बांध घालून केलेलं आहे, बेंट मात्र नैसर्गिक: पावसाच्या पाण्यावर वाढणारी दलदल, जिथे स्फॅग्नम शेवाळाचे थर एकमेकांवर साचत पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, बनतं. ही जमीन पायाखाली दबली की तिला सावरायला वर्षंच्या वर्षं लागतात. वाट सोडून एक पाऊलही आत टाकू नका. कापूसगवताचे पांढरे झुबके मे-जूनमध्ये वाटेवरूनही दिसतात.

तळ्याला फेरी मारून एचची खूण धरा आणि ग्रोटेनबुर्ग डोंगर चढा. चढ सुमारे दोनशे मीटरचा, सलग. मधे सावली आहे, पाणी नाही. वर पोहोचण्याआधी दगडमातीचे जुने तट लागतात: खाली लहान वर्तुळ, माथ्याभोवती मोठ्या तटाचे अवशेष. लोक पुतळ्याच्या ओढीने त्यांच्यावरून तसेच पुढे जातात. पाच मिनिटं थांबून तटाची रेषा झाडांमधून कुठे जाते ते पाहा.

३८६ मीटरच्या माथ्यावर हेरमान स्मारक आहे. एकूण उंची ५३.४६ मीटर, त्यातला तलवारीच्या टोकापर्यंतचा पुतळा २६.५७ मीटर, एकटी तलवार ७ मीटर. चबुतरा इथल्याच वालुकाश्माचा, पुतळा लोखंडी सांगाड्यावर ठोकून बसवलेल्या तांब्याच्या पत्र्यांचा. शिल्पकार एर्न्स्ट फॉन बांडेल याने १८३८ मध्ये काम सुरू केलं, १८४६ मध्ये चबुतरा झाला, मग पैसे संपले आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. जर्मन साम्राज्य स्थापन झाल्यावर पैसा आला आणि १६ ऑगस्ट १८७५ रोजी सम्राट विल्हेल्म पहिला याच्या उपस्थितीत उद्घाटन झालं. पुढच्याच वर्षी बांडेल गेला. काम चालू असताना तो ज्या लाकडी झोपडीत राहिला, ती बांडेलह्युटे जवळच आहे. घुमटाखालच्या सज्जापर्यंत तिकीट काढून चढता येतं; वर वारा खालच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, टोपी पिशवीत ठेवा.

हा पुतळा कशाचा, हे समजून पाहायला हवं. इसवी सन ९ मध्ये आर्मिनियस या चेरुस्की सरदाराच्या नेतृत्वाखाली जर्मानिक टोळ्यांनी रोमन सेनापती वारुसच्या तीन लीजन सेना नष्ट केल्या. हेरमान हे त्या आर्मिनियसला नंतर दिलेलं जर्मन नाव. एकोणिसाव्या शतकात तो राष्ट्रवादाचं प्रतीक झाला आणि तलवारीवर जर्मन एकजूट व सामर्थ्याचं घोषवाक्य कोरलं गेलं. लढाई मात्र या डोंगरावर झाली याचा पुरावा नाही. १९८७ पासून ओस्नाब्रुकच्या उत्तरेला काल्क्रिझे इथे रोमन नाणी, गोफणीचे शिशाचे गोळे आणि शस्त्रांचे अवशेष सापडत गेले. आज बरेच अभ्यासक लढाईची, निदान तिच्या एका टप्प्याची, जागा तिथे धरतात. काल्क्रिझे हे पलीकडच्या वीहेनगेबिर्गे रांगेच्या पायथ्याशी आहे. तिथलं संग्रहालय आणि हे स्मारक एकाच दिवशी बसवायचा प्रयत्न करू नका.

स्मारकाकडून उतरून बेर्लेबेकला मुक्काम करा. गावात १९३९ पासूनचं शिकारी पक्ष्यांचं केंद्र, आडलरवार्टे, आहे. उडत्या गरुडांची प्रात्यक्षिकं ठरावीक वेळांनाच असतात, त्या पाहून दिवसाची सुरुवात मागेपुढे करा. गावाजवळच्या टेकडीवर फाल्केनबुर्ग किल्ल्याचे डागडुजी केलेले अवशेष आहेत. लिपेच्या सरदारांचा हा मध्ययुगीन किल्ला. संध्याकाळी तास-दीड तास हाताशी असेल तर बाहेरून फेरी होते.

दुसरा दिवस. सकाळी आठपर्यंत निघा. एक्स्टर्नश्टाइनला अकराच्या आत पोहोचलात तर पर्यटक बसच्या गर्दीआधी तासभर मिळतो.

एक्स्टर्नश्टाइन: काय आणि कुठून पाहायचं

वाट जंगलातून बाहेर पडते आणि समोर वालुकाश्माचे उभे सुळके येतात, सर्वांत उंच सुमारे ३७-३८ मीटर. ठळक असे तेरा आहेत. आधी तळ्याच्या पलीकडे जा आणि तिथून पाहा. थर आडवे नाहीत, उभे आहेत: जो वाळूचा तळ समुद्रात आडवा साचला होता, तो इथे काटकोनात वळलेला दिसतो. कणे कसे बनले त्याचा सर्वांत स्पष्ट नमुना हाच. उभ्या-आडव्या भेगांत पाणी शिरून कडा गोल होत गेल्या, म्हणून काही सुळके रचलेल्या गोण्यांसारखे दिसतात. पायथ्याचं तळं नैसर्गिक नाही. वीम्बेके ओढा अडवून ते केलेलं आहे.

मग पहिल्या सुळक्यापाशी या. त्यात कोरलेल्या गुहा बहुधा बंद असतात, पण बाहेरच्या भिंतीवरचं शिल्प उघड्यावर आहे. क्रुसावरून येशूला खाली उतरवण्याचा हा प्रसंग बाराव्या शतकात थेट डोंगराच्या दगडात कोरला गेला. उंची साडेचार मीटरहून अधिक. तो वरून खाली वाचा. वरच्या दोन कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र शोक करताना. त्यांच्यामध्ये विजयध्वज धरलेली आकृती. मधे येशूचा देह खांद्यावर घेणारा माणूस आणि क्रुसावरून हात सोडवणारा निकोडेमस. निकोडेमसचे पाय तुटलेले आहेत आणि तो एका वाकलेल्या झाडासारख्या वस्तूवर उभा आहे. ती वस्तू म्हणजे सॅक्सन लोकांचा पवित्र स्तंभ, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. अभ्यासकांत यावर एकमत नाही. सर्वांत खाली, झिजलेल्या भागात, सर्पाकृती प्राण्याच्या विळख्यात एक पुरुष आणि एक स्त्री. ऊन तिरपं पडलं की कोरीव रेषा उठून दिसतात. ढगाळ दिवशी दुर्बीण जवळ असलेली बरी.

तिकीट घेऊन पायऱ्यांनी वर जाता येतं. तिसऱ्या सुळक्यावरून एक छोटा पूल दुसऱ्यावर नेतो आणि तिथे छत नसलेली प्रार्थनाकोठडी आहे. तिच्या भिंतीतला गोल झरोका उन्हाळी अयनदिनाच्या सूर्योदयाच्या दिशेला आहे. पायऱ्या झिजलेल्या, अरुंद आणि काही ठिकाणी उंच आहेत. ओल्या असतील तर लहान मुलांना वर नेऊ नका. बर्फ पडला की वरचा मार्ग बंद ठेवतात. चौथ्या सुळक्याच्या डोक्यावर एक मोठा दगड तोल सावरून बसल्यासारखा दिसतो, तो लोखंडी आकड्यांनी पक्का केलेला आहे.

या जागेबद्दल बरंच काही सांगितलं जातं: आदिम मंदिर, वेधशाळा, शक्तिस्थळ. नाझी काळात एसएस या नाझी निमलष्करी संघटनेच्या पाठिंब्याने इथे प्राचीन जर्मानिक देवस्थान सिद्ध करण्यासाठी १९३४-३५ मध्ये उत्खनन झालं, आणि त्यातूनही ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या पूजास्थानाचा ठोस पुरावा हाती आला नाही. मध्ययुगातला ख्रिस्ती वापर मात्र निश्चित आहे. तेवढंही कमी नाही. शिल्पासमोर उभं राहिलं की बाकीच्या दाव्यांची गरज वाटत नाही.

खडक आणि त्याभोवतीचं जंगल १९२६ पासून संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. इथल्या कातळावरची दगडफुलं आणि शेवाळं हा त्यामागच्या कारणांपैकी एक भाग. म्हणून पायऱ्या सोडून कुठल्याही सुळक्यावर चढायचं नाही आणि भिंतीला हात घासत चालायचं नाही. तिथून पुढे बेरनश्टाइनच्या माळरानावर चक्कर मारायला पाऊण तास पुरतो; हेदरच्या दिवसांत तो जरूर काढा. हे माळरान चराईमुळे टिकलं होतं. चराई थांबली की बर्च आणि पाइनची रोपं ते गिळतात, म्हणून आता ते मुद्दाम मोकळं ठेवावं लागतं.

झिल्बरबाख आणि फेल्मरस्टोट

एक्स्टर्नश्टाइनहून आग्नेयेला जाणारी वाट झिल्बरबाख ओढ्याच्या दरीत उतरते. गोल धोंड्यांमधून वाहणारं पाणी, दोन्ही काठांना आल्डर आणि बीच. हेही संरक्षित क्षेत्र. पावसाळी हवेत इथे काळा-पिवळा फायर सॅलॅमँडर वाटेवर दिसतो. त्याला उचलू नका, आणि दुसऱ्या ओढ्याकाठून थेट इथे येत असाल तर बुटांचा चिखल आधी घासून, बूट वाळवून या. सॅलॅमँडर मारणारी एक बुरशी जर्मनीत पसरत आहे आणि ती ओल्या चिखलातूनही जाते.

दरीतून शेवटचा चढ लिपिशर फेल्मरस्टोटचा, ४४१ मीटर. माथ्यावर वालुकाश्माचे ठोकळे, हेदर, बिलबेरी आणि मोकळी दृष्टी. शेजारचा प्रॉइसिशर फेल्मरस्टोट ४६८ मीटर. तो एगे डोंगराचा भाग, आणि त्याच्या माथ्यावर निरीक्षण मनोरा आहे. दोन्हींमध्ये अंतर थोडं आहे, मनोऱ्यासह पाऊण तास जास्त लागेल. वीज चमकत असेल तर दोन्ही माथे सोडा आणि दरीच्या वाटेने खाली या. लेओपोल्ड्सटालचं स्थानक पायथ्याशीच. गाडी साधारण तासाला एक, म्हणून माथ्यावरून निघायच्या आधीच वेळ बघा.

वायव्येचा भाग: कडे, खाण आणि एप्रिलची फुलं

इबेनब्यूरेनजवळ ड्योरेंथर क्लिपेन हे चार किलोमीटर पसरलेले वालुकाश्माचे कडे आहेत. त्यातला प्रसिद्ध दगड होकेंडेस वाइब, बसलेली बाई. समुद्राचं पाणी चढत असताना मुलांना खांद्यावर घेऊन बसलेली आई दगड झाली, अशी इथली कथा. दोरावरचं गिर्यारोहण फक्त ठरवून दिलेल्या कातळांवर चालतं. बाकीच्या कातळांना हात लावू नका. खालची वाळू तुडवली गेली की कड्याजवळच्या पाइनची मुळं उघडी पडतात, म्हणून आखलेली वाट रुंद करू नका. इथून टेक्लेनबुर्गपर्यंत दिवसभराचा सुंदर टप्पा होतो. हे लाकडी चौकटींच्या घरांचं डोंगरमाथ्यावरचं गाव. किल्ल्याच्या अवशेषांत उन्हाळ्यात खुल्या रंगमंचावर संगीतिका होतात आणि त्या दिवसांत मुक्कामाची जागा आयत्या वेळी मिळत नाही.

लेंगेरिशला सोडून दिलेल्या चुनखडीच्या खाणीत नीळसर हिरव्या पाण्याचं तळं आहे. लोक त्याला कॅन्यन म्हणतात. ते संरक्षित क्षेत्र आहे, काठावरच्या नजरठिकाणावरून पाहायचं. कुंपण ओलांडून पोहायला जाणं बेकायदा तर आहेच, वर खाणीच्या कडा ढासळतात आणि खोलातलं पाणी ऐन उन्हाळ्यातही गारठवणारं असतं. या पट्ट्यातल्या खाणींत गरुडघुबडं घरटी करतात. वर्षाच्या सुरुवातीपासून उन्हाळ्यापर्यंत कड्यांजवळ गोंगाट आणि ड्रोन अजिबात नको.

आता फ्रेडेन. बाड इबुर्गच्या पूर्वेला ग्रोसर फ्रेडेन (२६९ मीटर) आणि क्लायनर फ्रेडेन अशा दोन टेकड्या, दोन्ही चुनखडीच्या. एप्रिलमध्ये बीचला पान फुटण्याआधी सूर्यप्रकाश थेट जमिनीवर पोहोचतो. त्या चार-पाच आठवड्यांत लेर्शेनश्पोर्न नावाचं कंदाचं रोप पूर्ण उतार व्यापून फुलतं: पांढऱ्या आणि जांभळट गुलाबी तुऱ्यांचा गालिचा, जाल तिथपर्यंत. पालवी दाटली की खाली सावली पडते, रोप कंदात अन्न साठवून दिसेनासं होतं. म्हणून तारीख वर्षावर अवलंबून असते: फेब्रुवारी-मार्च उबदार गेला तर मार्चअखेर, थंड गेला तर एप्रिलचा मध्य. फोटोसाठी सकाळी दहाच्या आत जा आणि फुलांत बसू नका. एका माणसाने दाबलेली जागा पुढच्या वसंतात उघडी दिसते.

याच जमिनीवर रानलसूण उगवते आणि पानांचा वास लांबून येतो. संरक्षित क्षेत्रात ती तोडणं मना आहे. क्षेत्राबाहेर स्वतःपुरती मूठभर घेता येते, पण लिली ऑफ द व्हॅली आणि शरदात फुलणारी केशरसदृश हेर्ब्स्टत्साइटलोझे यांची विषारी पानं तिच्यासारखीच दिसतात. फक्त वासावर विसंबू नका: दोन-चार पानं चोळल्यावर बोटांना लागलेला लसणाचा वास पुढच्या प्रत्येक पानाला येतो. प्रत्येक पान वेगळ्या देठावर, जमिनीतून एकेकटं आलं आहे का ते पाहा. शंका आली तर सोडून द्या.

बाड इबुर्गमधला किल्ला-मठ ओस्नाब्रुकच्या धर्माधिपतींचं ठाणं होता. प्रशियाची पहिली राणी सोफी शार्लोटे हिचा जन्म १६६८ मध्ये इथेच झाला. २०१८ च्या बागप्रदर्शनापासून गावात झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा उंच पदपथही आहे. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर जंगल वरून पाहण्याचा हाच सोपा मार्ग.

मधला भाग थोडक्यात: बिलेफेल्ड रांगेतल्या खिंडीत वसलं आहे आणि खिंडीवर स्पारेनबुर्ग किल्ला पहारा देतो, कागदोपत्री पहिला उल्लेख १२५६ चा, मनोरा ३७ मीटरचा. ओर्लिंगहाउझेनच्या ट्योन्सबेर्गवर जुने तट आणि चॅपेलचे अवशेष आहेत, गावात प्राचीन घरांच्या प्रतिकृतींचं खुलं संग्रहालय. शहरातून अर्ध्या दिवसात होणारा हा टप्पा आहे, लांबून मुद्दाम यायचं तर आग्नेय टोक आधी.

झेने: फाटक पाहूनच आत

नैऋत्येच्या पायथ्याला हिमयुगातल्या वितळपाण्याने पसरवलेल्या वाळूचा प्रदेश म्हणजे झेने. माळरान, वाळूच्या टेकड्या आणि वाळूतून झिरपणारे ओढे. एम्स नदीचा उगम याच वाळूत, मोसहाइडे या संरक्षित क्षेत्राजवळ. झेनेचा मोठा भाग, सुमारे ११६ चौरस किलोमीटर, लष्करी सरावक्षेत्र आहे. शेतीचं खत आणि वस्ती तिथे पोहोचली नाही म्हणूनच दुर्मीळ प्रजाती टिकल्या, ही खरी गोष्ट. पण फाटक बंद असेल, लाल दिवा किंवा लाल झेंडा असेल तर आत जायचं नाही. उघडं असलं तरी रस्ता सोडायचा नाही. न फुटलेला दारूगोळा जमिनीत आहे. मोसहाइडे नेहमी खुलं असतं, कुटुंबाला घेऊन तिथेच जा.

नियम आणि नेहमी होणाऱ्या चुका

या रांगेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा नाही. शेजारच्या एगेसाठीचा प्रस्ताव २०२४ मध्ये पाडरबॉर्न आणि ह्योक्स्टर जिल्ह्यांतल्या नागरिकांनी मतदानाने फेटाळला. आग्नेय भाग निसर्गउद्यानात येतो, वायव्य भाग टेरा-विटा या युनेस्को भूउद्यानात. हे दोन्ही पट्टे मोठे आणि सैल नियमांचे. कडक नियम लागतात ते हिरव्या किनारीच्या त्रिकोणी फलकावर नाटुरशुत्सगेबीट (संरक्षित निसर्गक्षेत्र) लिहिलं असेल तिथे: वाट सोडायची नाही, काही तोडायचं नाही, कुत्रा पट्ट्यावर. जंगलात १ मार्च ते ३१ ऑक्टोबर धूम्रपान बंद, शेगडी किंवा चूल कधीच नाही, तंबू फक्त परवानगीच्या जागी. लोअर सॅक्सनीत १ एप्रिल ते १५ जुलै कुत्रा मोकळ्या रानातही बांधलेलाच हवा. जंगलात मांजराचं एकटं पिल्लू दिसलं तर घरी नेऊ नका. ते बहुधा रानमांजराचं असतं आणि आई जवळपास असते.

२०१८ पासूनच्या दुष्काळांनी आणि खोडकिड्याने स्प्रूसचे मोठे पट्टे मेले. त्याचे तीन परिणाम चालणाऱ्यावर होतात. उघड्या उतारांवर सावली नाही, म्हणून उन्हाळ्यात माणशी दोन लिटर पाणी घ्या. ओढ्याचं पाणी पिऊ नका. लाकूडतोडीमुळे वाट बंद असू शकते, आणि लाल-पांढरी पट्टी बांधलेली असेल तर पलीकडे कोणी दिसत नसलं तरी ती ओलांडायची नाही. रचलेल्या ओंडक्यांवर मुलांना चढू देऊ नका, ते घरंगळतात. आणि बीचही दुष्काळात कमजोर झाला आहे: वारा नसतानाही त्याच्या वाळक्या फांद्या पडतात, म्हणून डबा खायला मोठ्या वाळलेल्या झाडाखाली बसू नका. वादळानंतर दोन दिवस जंगल सोडा.

रविवारी गावातली दुकानं बंद असतात, आणि जंगलाकाठची अनेक उपाहारगृहं सोमवारी किंवा मंगळवारी सुट्टी घेतात. शनिवारीच दोन दिवसांचं खाणं घ्या, थोडी रोख रक्कम बाळगा.

गोचिडी मार्च ते ऑक्टोबर असतात. पूर्ण पॅन्ट, मोज्यात खोचलेली. संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेला आणि केसांच्या कडेला पाहा. सापडली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. तेल लावायचं नाही. त्या जागी पुढच्या काही आठवड्यांत पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरकडे जा, लाइम रोगावर लवकर दिलेलं प्रतिजैविक गुण देतं.

अपघात झाला तर ११२ लावा. जंगलातल्या बऱ्याच फाट्यांवर क्रमांक लिहिलेले मदतबिंदूचे फलक आहेत. रुग्णवाहिकेला तो क्रमांक सांगितला की गाडी नेमकी कुठून आत येईल हे त्यांना कळतं. चालताना असा फलक दिसला की त्याचा फोटो घेऊन ठेवा, म्हणजे पुढे पाय मुरगळला तर शेवटचा बिंदू किती मागे राहिला ते सांगता येईल.